सुखदेवभाऊ, ती शेपटीच होती

सुखदेवभाऊ, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर तुमचं नाव घ्यावं लागतं. हे वाक्य मी शिक्षकदिनाच्या भाषणात तीन वेळा बोललो आहे. तीनही वेळा अकोल्यात, मी शिकवतो त्या कॉलेजात बोललो, तुम्ही नसताना. अकोल्याहून तुमचं अमरावती दोन तासांच्या रस्त्यावर आहे. तिथे येऊन एकदा तुमच्यासमोर बोललो असतो तर आज हा लेख लिहायला बसलो नसतो, किंवा वेगळा लिहिला असता.

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले.

तुम्ही शिक्षक नव्हता. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होता. काचेची भांडी धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून झाकून ठेवणं, फॉर्मालिनच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलणं हे तुमचं काम. मी चांदूर बाजारजवळच्या खेड्यातून आलो होतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पहिल्या प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकात डोळा घालून अर्धा तास बसलो आणि काहीच दिसत नव्हतं. शेजारची मुलं चित्रं काढायला लागली होती. मीही त्यांच्या वहीत बघून काढायला घेतलं. तुम्ही मागून आलात, फडक्याने टेबल पुसल्यासारखं केलंत आणि माझी स्लाइड उलटी करून पुन्हा लावलीत.

"काच उलटी लागली होती, राजा. तू कोनाले सांगू नको. मी बी नाई सांगत."

त्या दिवसापासून मी तुमचा विद्यार्थी झालो. पुस्तकातलं मास्तर लोकांनी शिकवलं. प्राण्याकडे पाहायचं कसं ते तुम्ही शिकवलंत. पहिले उकिडवं बस, म्हणायचात. उभ्यानं पाहिलं तर जनावर नाई दिसत, फक्त आपली सावली दिसते.

तो खडक आपल्याला कसा सापडला हे मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटायची. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पावसाळ्यात परतवाड्याहून सेमाडोहला जीपने चाललो होतो. घाटात तुम्ही लघवीला उतरलात आणि तिथूनच हाक मारलीत.

"अबे इकडे ये. पाय हे काय हाय."

मी जवळ गेलो. रस्ता काढताना उभा कापलेला काळा खडक, वरून पाणी झिरपत होतं, पापुद्र्यासारखं पातळ. त्या ओल्या भिंतीवर काहीतरी सरकत होतं.

"पाल आहे का?"

"पाल नाई. बेंडकाचं पोट्टं हाय."

"पाण्याबाहेर?"

"मंग मी काय खोटं बोलून राहिलो का? मोज न, एक, दोन, तीन. हे सारं खानदान हाय अथी."

खरोखरच टॅडपोल होते. शाळेतल्या चित्रातला टॅडपोल डबक्यात पोहतो, गोल डोकं, पारदर्शक शेपूट. हे तसे नव्हते. रंग खडकाचाच, डोळे वर आलेले, शेपटी अंगाच्या दुप्पट लांब आणि चिवट, दोरीसारखी. पोट ओल्या दगडाला चिकटलेलं. तोंडाने दगडावरचं शेवाळ खरवडत खरवडत ते इंच इंच वर जात होते. तुम्ही गवताची काडी एकाला हळूच लावलीत, तर ते टपकन उडालं आणि वीतभर लांब जाऊन पुन्हा चिकटलं. खाली पडलं नाही. तुम्ही असे हसलात की जीपवाला ओरडला, भाऊ, झालं का तुमचं, लोकं खोळंबले.

तिथून आपला प्रकल्प सुरू झाला. "आपला" हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. प्रबंधात "प्रस्तुत अभ्यासकाचा" असं आहे.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा तुम्ही एक गोष्ट केलीत जी माझ्या मार्गदर्शकांना सुचली नव्हती, मलाही नाही. ओल्या खडकावर खडू चालत नाही, चिकटपट्टी टिकत नाही, मग टॅडपोल किती अंतर गेला ते मोजायचं कसं, हा आमचा घोळ होता. तुम्ही मे महिन्याच्या उन्हात, खडक कोरडा ठणठणीत असताना, पांढऱ्या ऑईलपेंटची डबी आणि काडेपेटीची काडी घेऊन गेलात आणि खडकावर दर चार बोटांवर एक बारीक ठिपका देऊन आलात. उन्हाने पाठ सोलून निघाली होती तुमची. पावसाळ्यात पाणी सुटलं आणि टॅडपोल आले तेव्हा ठिपके तिथेच होते. आम्हाला नुसतं मोजायचं होतं.

आणि मग आपला वाद. ते चालतात कसे?

मी म्हणायचो, मागच्या पायांनी. या टॅडपोलांना मागचे पाय इतरांपेक्षा लवकर फुटतात, ते दगडावर रेटा देतात आणि पुढे जातात. सेमिनारमध्ये फळ्यावर चित्र काढून मी तसं मांडलंही होतं. विभागप्रमुखांनी मान डोलावली होती. माझ्यासारख्याच्या बोलण्यावर कोणी मान डोलावली, तीही सगळ्यांसमोर, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं.

तुम्ही म्हणायचात, "पायानं नाई, बाप्पा. शेपटी वाकवते, खडकाले थापड हानते, अन् सोताच फेकल्या जाते. तू पायाकडं पायतं, म्हनून तुले पायच दिसते."

"पुस्तकात तसं काही नाही, भाऊ."

"पुस्तक ज्यानं लिवलं थो कदी या घाटात लघवीले उतरला नसन."

मी चिडायचो. तुम्ही मग मुद्दाम लहान टॅडपोल शोधायचात, ज्यांना पायाचे कोंबही नव्हते.

"याले पाय हाय का?"

"नाही."

"मंग हे कायनं उडलं?"

"अपवाद असेल."

"हे बी?"

"तोही."

"बाप्पा, या खडकावर तर सारे अपवादच राह्यते."

आता हे लिहितानाही मला हसू आलं.

खडकावर सगळं फार वेगाने घडतं, डोळ्याला पकडता येत नाही. म्हणून ठरलं की चाळीसेक टॅडपोल प्रयोगशाळेत आणायचे आणि तिथे शांतपणे पाहायचं. निम्मे पायांचे, निम्मे बिनपायांचे. परवानगीचं पत्र होतं. तुम्ही त्यांच्यासाठी जे घर केलंत ते मला अजून डोळे मिटले की दिसतं. कडप्प्याचा तुकडा भिंतीला तिरपा टेकवून ठेवला. खडकावरचे शेवाळाचे दगड त्यावर मांडले. वर खिळ्याला सलाईनची रिकामी बाटली टांगून तिची नळी सोडली, म्हणजे थेंब थेंब पाणी कडप्प्यावरून खाली ओघळत राहील. भोवताली ओलं पोतं. दवाखान्यातून ती नळी मागून आणताना तुम्ही नर्सला काय सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणालात, "सांगतलं, चाळीस लेकरं ॲडमिट हायत."

चार दिवस ते मजेत राहिले. खडकावर करत होते तेच करत राहिले.

शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर वर्गातली सहा-सात मुलं त्या कडप्प्याभोवती जमली. तुम्ही एक बिनपायाचं पिल्लू काडीने डिवचलंत. ते उडालं. दुसरं डिवचलंत, तेही उडालं. मग तुम्ही माझ्याकडे वळून अगदी भोळेपणाने म्हणालात, "राजा, याचा पाय दाखव न पोट्ट्याले. तुह्या चित्रात होता, अथी दिसून नाई राहिला."

सगळे हसले. तुमच्या मनात काही नव्हतं. तुम्ही मला तुमचा समजत होता, म्हणून माझी थट्टा करत होता. पण मला ते हसणं लागलं. सोमवारी विभागप्रमुख स्वतः पाहायला येणार होते. त्यांच्यासमोरही तुम्ही हेच करणार, हे मला कळत होतं.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे चावी मागितली. नोंदी पूर्ण करायच्या आहेत असं सांगितलं. चावी विद्यार्थ्याला द्यायची नाही असा नियम होता, आणि तुम्ही रजिस्टरमध्ये न लिहिता ती काढून दिलीत. मी आत गेलो. ते चाळीस टॅडपोल कडप्प्यावरून एकेक करून उचलले आणि मोठ्या काचेच्या टाकीत, गळ्यापर्यंत भरलेल्या पाण्यात सोडले. सलाईनची नळी बंद केली. चावी तुम्हाला परत दिली. तुम्ही विचारलं, "झालं का राजा?" मी म्हणालो, झालं.

मी हे का केलं? पंधरा वर्षं मी स्वतःला एकच उत्तर दिलं आहे. टॅडपोल पाण्यात राहतो, असं मी चौथीपासून शिकलो होतो. मला वाटलं, दगडावर त्यांचे हाल होत असतील, पाण्यात बरे राहतील. अडाणीपणाने केलं. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या माणसाला अडाणीपणाची सबब नेहमी हाताशी असते, आणि ऐकणारेही ती आनंदाने मान्य करतात. पण दोन पावसाळे मी त्यांना पाण्याबाहेर नांदताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते कुठे राहतात हे जगात कोणाला माहीत असलं तर ते तुम्हाला आणि मला. मग मी त्यांना पाण्यात का सोडलं? सोमवारी पायांवरून आपली फजिती होऊ नये म्हणून? मी शपथेवर सांगू शकत नाही की तसं नव्हतं. मी शपथेवर काहीच सांगू शकत नाही.

रविवार गेला. सोमवारी सकाळी तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी तुमच्या मागेच होतो.

टाकी जवळजवळ रिकामी होती. ते सगळे काच चढून वर आले होते, काठावरून बाहेर, टेबलावर, तिथून भिंतीवर. ओला दगड शोधत निघाले होते. काही तर खिडकीच्या चौकटीपर्यंत, हातभर उंच पोहोचले होते. आणि जिथे जिथे अंगातली ओल संपली तिथे तिथे वाळून चिकटले होते. चुन्याच्या भिंतीवर शेपट्या ताणलेल्या, काळ्या रेघा ओढाव्यात तशा. टाकीत चार-पाच राहिले होते, तेही तळाला.

तुम्ही एकदा कडप्प्याकडे पाहिलं, एकदा बंद नळीकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. मग तुम्ही टेबलाशी वाकलात. टेबलावर दोन दिवसांची धूळ होती आणि तिच्यावर त्यांच्या ओल्या अंगाचे ठसे उमटून वाळले होते. मी तुमच्या खांद्यावरून पाहिलं. पोटाचा गोल ठिपका, आणि त्याला लागून एका बाजूला जोरात ओढलेला फराटा. मग मोकळी जागा. पुन्हा ठिपका, पुन्हा फराटा. सगळ्या टेबलभर. शेपटीची थापड. इतका स्पष्ट पुरावा मी त्यानंतर कुठल्याही संशोधनपत्रात पाहिलेला नाही.

तुम्ही ते मिनिटभर पाहत राहिलात. बाहेर विभागप्रमुखांच्या चपला वाजल्या. तुम्ही खांद्यावरचं फडकं काढलंत आणि टेबल पुसून टाकलंत.

पुढचं सारं दहा मिनिटांत झालं.

"सुखदेव, हे काय आहे?"

"मेले, साहेब."

"ते दिसतंय मला. पाण्यात कोणी सोडले?"

मी तुमच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझा प्रबंध दोन महिन्यांवर होता. शिफारसपत्र त्यांच्याच सहीने मिळणार होतं. तुम्ही क्षणभर थांबलात. तो क्षण तुम्ही मला दिला होता, हे मला त्याच वेळी कळलं. मी तो घेतला नाही.

"म्याच सोडले, साहेब. मले वाटलं, बेंडकाचे हायत, पान्यात बरे राहतीन."

"इतकी वर्षं इथे काढली आणि अजून एवढं कळत नाही? शेवटी तुम्हा लोकांच्या हाती काही द्यायचं म्हणजे..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "तुम्हा लोकांच्या" म्हणजे काय, ते आपल्या दोघांनाही समजलं. ज्याने कडप्पा तिरपा लावला, सलाईन टांगली, त्याच्यावर त्यांनी दुसरा प्रश्न न विचारता विश्वास ठेवला, तो एवढ्याच बाबतीत. माझ्याबद्दल त्यांना शंकासुद्धा आली नाही. आमच्या आडनावाचा आणि तुमच्या आडनावाचा हा फरक. तेव्हा मला त्याचा फायदा मिळाला. मी तो खिशात घातला आणि वर आलो.

तुम्हाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. निष्काळजीपणाचा शेरा सेवापुस्तकात गेला. विद्यार्थ्यांबरोबर बाहेर जाणं बंद झालं. सत्र संपता संपता तुमची बदली झाली, कॉलेजच्या सायकल स्टँडवर. निवृत्तीपर्यंत तुम्ही तिथे होता. खडकावरचं पाणी बघून टॅडपोल वर जातील की खाली हे सांगणारा माणूस नऊ वर्षं स्कूटरींच्या रांगा सरळ करत बसला.

माझा प्रबंध झाला. त्यात लिहिलं आहे की मागच्या पायांच्या साहाय्याने हालचाल होते. बिनपायाच्या पिल्लांविषयी एक वाक्य आहे, "नमुने उपलब्ध होऊ शकले नाहीत." ऋणनिर्देशात प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, आईबाबा, मित्र, आणि शेवटी "शिक्षकेतर कर्मचारी". त्या दोन शब्दांत तुम्ही कुठेतरी आहात, ग्रंथालयाच्या शिपायाबरोबर.

तुम्ही मला जाब विचारला असता तर मी वाचलो असतो, असं मला कधी कधी वाटतं आणि तुमचा राग येतो. खरंच येतो, भाऊ. मेलेल्या माणसाविषयी असं लिहू नये, तरी लिहितो. तुम्ही काय म्हणून माझं ओझं उचललंत? मी म्हटलं होतं का? पहिल्या दिवशी उलटी काच सरळ केली तशी ही पण करून टाकली, आणि मला आयुष्यभर तुमच्यापुढे मान वर करता येणार नाही अशी सोय करून ठेवली. हे मी वीस वेळा मनात तुम्हाला बोललो आहे. मग आठवतं, तुम्ही तरी काय करणार होता? चावी तुम्ही दिली होती. खरं बोलला असतात तरी तुम्हीच दोषी ठरणार होता. फरक इतकाच की मग आपण दोघं बुडालो असतो. तुम्ही निदान एक वाचवला. ज्याला वाचवलं तो कसा निघाला, ते या लेखात आहे.

नेट पास झाल्यावर मी पेढे घेऊन सायकल स्टँडवर आलो होतो. तुम्ही उठून उभे राहिलात.

"अभिनंदन, सर."

मला वाटलं थट्टा करताय.

"भाऊ, मला सर काय म्हणता? राजा म्हणा."

"नाई सर. आता तुमी मास्तर झाले. पेढा घ्या न तुमी बी. अन् सर, थे गाडी लॉक करू नका, मले सरकवावं लागते."

त्यानंतर तुम्ही मला एकदाही राजा म्हटलं नाहीत. तू म्हटलं नाहीत. दरवेळी उठून उभे राहिलात. बाकीचे म्हणायचे, किती आदर आहे सुखदेवला तुमच्याविषयी. ती माझी शिक्षा होती आणि ती तुम्ही अत्यंत नम्रपणे, एकदाही न चुकता दिलीत. एकदाच मी धीर करून विचारलं, भाऊ, त्या सोमवारी टेबलावर तुम्ही काय पाहत होता? तुम्ही म्हणालात, "धूळ होती, सर."

या पावसाळ्यात मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या घाटात गेलो. खडक तसाच आहे. ठिपके पुसट झालेत, पण आहेत. एका मुलीच्या मोबाईलमध्ये अतिसंथ चित्रीकरणाची, स्लो मोशनची सोय होती. तिने एक बिनपायाचं पिल्लू टिपलं. आम्ही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून ते पाहिलं. शेपटी एका बाजूला वाकते, धनुष्यासारखी ताणली जाते, खडकावर आपटते, आणि सगळं अंग हवेत फेकलं जातं. मग पायवाल्याचं पाहिलं. त्याचंही तेच. पाय नंतर येतात, टेकायला, घसरू नये म्हणून. उडवते ती शेपटी.

मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या प्रबंधात तर पाय आहे."

मी म्हणालो, चूक आहे ते.

त्याच आठवड्यात कळलं की तुम्ही आजारी आहात, अंथरुणाला आहात. मी तुम्हाला पत्र लिहिलं. फोन करता आला असता. फोनवर आवाज ऐकला असता तर बोलावं लागलं असतं, म्हणून पत्र. सहा दिवस लिहीत होतो. सहा दिवसांत जे लिहायचं होतं ते वगळून बाकी सगळं लिहिलं.

तुम्ही गेल्यावर मी आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन आलो. सेवापुस्तकातला शेरा चुकीचा आहे, दोषी मी आहे, असा अर्ज दिला. आस्थापनेच्या क्लार्कने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "सर, मानूस गेला. फाइल बंद झाली. आता कायले उकरून राहिले? तुमाले बी नोकरी हाय न?" अर्ज त्याने ठेवून घेतला, पोच दिली नाही.

मग पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमच्या घरी आलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे हे मला तीन ठिकाणी विचारावं लागलं. वंदना झाली, लोक बोलले, मलाही बोलायला सांगितलं. मी शिक्षकदिनाचंच वाक्य बोललो. लोकांना आवडलं. नंतर तुमची मुलगी प्रज्ञा मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिने ते पत्र तुमच्या उशीखालून काढून ठेवलं होतं.

"सर, तुमचं पत्र आलं त्या दिवशी बाबाले लय बरं वाटलं. मले म्हने वाच. म्या वाचलं. शेपटीचं वाचलं तर हसले, म्हने, मी सांगतलंच होतं त्याले. मंग म्हने, अजून एकडाव वाच."

"मग?"

"दुसऱ्यांदा वाचलं. मंग म्हने, पान पलटून पाय, मांगं काही लिवलं हाय का."

मी तिच्या हातातल्या पत्राकडे पाहिलं.

"म्या पलटलं. म्हटलं, बाबा, कोरं हाय. तर म्हने, बरं, ठेव." तिने पत्राची घडी घातली. "सर, काई राह्यलं होतं का लिवाचं?"

मी तिला सांगितलं. सगळं, शनिवारपासून. ती ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं की हे मी बाहेर हॉलमध्ये का नाही बोललो. मग चहा घ्या म्हणाली आणि उठून गेली. मी चहा न घेता निघालो. येताना पत्राचा फोटो काढून आणला. मूळ पत्र तिने दिलं नाही. तो तिचा हक्क आहे.

ते पत्र इथे देतो. एक शब्दही बदललेला नाही, बदलावासा फार वाटला तरी.

आदरणीय सुखदेवभाऊ यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण आजारी असल्याचे समजले. काळजी वाटते. औषधे वेळेवर घ्यावीत.

एक आनंदाची बातमी कळवतो. घाटातल्या आपल्या खडकावर यंदा गेलो होतो. मोबाईलवर चित्रीकरण केले आणि आपला जुना वाद मिटला. आपणच बरोबर होता. टॅडपोल शेपटीनेच उडतात. बिनपायाचे आणि पायाचे, दोन्ही. पाय फक्त टेकायला. माझ्या प्रबंधात चूक राहिली आहे. ती आता एका छोट्या लेखातून दुरुस्त करणार आहे आणि त्यात आपले नाव आवर्जून देणार आहे.

आपण दिलेले पांढरे ठिपके अजून दिसतात. विद्यार्थ्यांना सांगितले की हे एका फार मोठ्या माणसाचे काम आहे.

त्या वेळी प्रयोगशाळेत ते टॅडपोल पाण्यात गेले आणि दगावले, त्यामुळे ही गोष्ट सिद्ध व्हायची राहून गेली. त्या प्रसंगाचे मला आजही वाईट वाटते. आपल्यालाही फार त्रास झाला. परंतु आता त्याला पुष्कळ वर्षे झाली.

मी आज जो काही आहे तो आपल्यामुळे आहे. हे मी सर्वांना नेहमी सांगत असतो.

वहिनींना नमस्कार, प्रज्ञाला आशीर्वाद. इकडे परीक्षांचे काम आहे, त्यामुळे लगेच निघता येत नाही. दिवाळीची सुट्टी लागली की नक्की येतो. बाकीचे समोर बसून बोलू.

आपला,
राजा